माजी अध्यक्ष, निर्मळ हास्य मंडळ

"उघड," बोधनकर सर म्हणाले.

मी बिस्किटाच्या डब्यातून काढलेली चिठ्ठी उघडली. आत इंग्रजीत दोनच शब्द होते. स्टेप डाउन.

"अर्थ सांग."

"खाली पाय ठेवणे."

वर्ग हसला. मी हसलो नाही. मी कधीच हसत नसे. माझा चेहराच असा की बारशाला आलेल्या बायकांनी आईला विचारलं होतं, ह्याच्या पोटात दुखतंय का.

"पदावरून पायउतार होणे," सर म्हणाले. "स्वतःहून. मुदत संपली म्हणून घरी गेला, तर ते स्टेप डाउन नाही. लोकांनी ढकलला, तर ते तर नाहीच. लोक 'थांबा, थांबा' म्हणत असताना जो उतरतो, तो स्टेप्स डाउन."

"उदाहरण सांगा ना सर."

सरांनी पंख्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आपल्याकडे उदाहरण नाही. परदेशात आहेत म्हणतात."

आमचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग निंबगावात पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर भरायचा. खाली दळण सुरू असलं की वरचे बाक थरथरत, त्यामुळे आमचं इंग्रजी मुळातच कापरं होतं. ऐकू यावं म्हणून सगळे ओरडून बोलत, आणि घरी जाताना सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. बोधनकर सरांची उभी नोकरी एका जंक्शनवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली होती. त्यांचे उच्चार काचेसारखे स्वच्छ होते, फक्त ते काहीही बोलले तरी ते उशिरा येणार आहे असं वाटायचं. तास संपला की ते उठून म्हणत, "द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड." आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पहिले काही आठवडे आम्ही हे 'अच्छा, येतो'चं इंग्रजी समजत होतो. मी तर ते एकदा बहिणीच्या नवऱ्याला निरोप देताना वापरलं.

सरांचं म्हणणं असं, की इंग्रजी क्रियापदाला शेपूट जोडलं की त्याचा स्वभाव बदलतो, आणि स्वभाव पाठ करून कळत नाही, त्याच्याबरोबर राहावं लागतं. म्हणून दर सोमवारी प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी काढायची. आठवडाभरात ते क्रियापद खरोखर करायचं. शनिवारी वर्गात उभं राहून इंग्रजीत सांगायचं, आणि सोबत साक्षीदार आणायचा. साक्षीदाराला इंग्रजी येण्याची गरज नव्हती. त्याने मराठीत "हो, ह्याने केलं" एवढं म्हणायचं.

ह्यातून बऱ्याच गोष्टी घडल्या होत्या. 'रन आउट ऑफ', म्हणजे एखादी वस्तू संपणे, हे ज्याच्या वाट्याला आलं त्याने घरातली साखर तीन दिवसांत संपवली आणि साक्षीला आईला आणलं. आई साक्षीपेक्षा जास्त बोलली. 'फॉल आउट', म्हणजे भांडून दुरावणे, ही चिठ्ठी शकील आणि गजानन ह्या जिवलग मित्रांनी मिळून वापरायची ठरवली. त्यांनी शनिवारी फर्मास भांडण सादर केलं. पुढे अबोला मोडायची वेळ आली तेव्हा कळलं की 'मेक अप', म्हणजे समेट, ही चिठ्ठी भलत्याच मुलीकडे गेली आहे. तिची परवानगी येईपर्यंत दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसले. 'पास अवे', म्हणजे वारणे, ही चिठ्ठी सरांनी स्वतःच डब्यातून काढून टाकली होती. एकाने फार मनावर घेऊन, साक्षीदार आधी आणायचा की नंतर, असं विचारलं होतं.

माझी अडचण वेगळी होती. त्या सोमवारनंतरच्या सोमवारी पुण्याच्या एका हॉटेलात माझी मुलाखत होती, स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी. तिथला मॅनेजर सरांचा जुना विद्यार्थी. सरांच्या सहीचं प्रमाणपत्र आणणाऱ्याला तो घेतो, न आणणाऱ्याला पाणी पाजून परत पाठवतो, अशी ख्याती होती. आणि सगळ्या चिठ्ठ्या पुऱ्या झाल्याशिवाय सर सही करत नसत. माझी ही शेवटची होती.

"सर, चिठ्ठी बदलून द्या. माझ्याकडे कुठलंच पद नाही. मी कशावरून उतरू?"

"आधी चढ," सर म्हणाले. "मग उतर. द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड..."

आम्ही उठलो.

*

मी पद शोधायला लागलो. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाला चौदा उपाध्यक्ष होते. पंधरावा होता येईल का विचारलं, तर म्हणाले रांग आहे. व्यायामशाळेत 'सल्लागार' मिळत होतं, पण ते म्हणाले सल्लागाराने राजीनामा दिला तर कुणाला कळणारच नाही. वाचनालयात चिटणीसपद रिकामं होतं, पण वाचनालयच बंद होतं. मंगळवार संध्याकाळपर्यंत माझ्या लक्षात आलं की निंबगावात माणसं रिकामी आहेत, पदं रिकामी नाहीत.

मी प्रमिलामावशीकडे राहायचो. मावसा गेल्यापासून तिच्याकडे दोघंच, ती आणि मी. ती पूर्वी फार बोलायची म्हणे. मी राहायला आलो तेव्हा ती दिवसातून दोनच वाक्यं बोलत होती. "कुकरकडे लक्ष दे" हे सकाळी आणि "कडी लाव" हे रात्री. मग डॉक्टरांनी तिला नगरपालिकेच्या बागेतल्या हास्य मंडळात धाडलं. सहा महिने ती पहाटे जाऊन हसून यायची, आणि परतल्यावर भाजी निवडताना कायकाय सांगायची. कोण कसं हसतं, कुणाची कवळी कुठे पडली. मला वाटलं मावशी परत आली.

महिन्याभरापासून ते बंद झालं होतं. ती बागेत जायची रोज, पण परतली की पुन्हा कुकर आणि कडी.

मंगळवारी जेवताना मी तिला माझी अडचण सांगितली. ती ताक वाढताना म्हणाली, "आमच्याकडे अध्यक्षाची जागा रिकामी आहे."

"हास्य मंडळात?"

"हं."

"मग तुम्ही सध्या हसता कसे?"

"हसत नाही," मावशी म्हणाली. "उभे राहतो."

*

बुधवारी पहाटे मी तिच्याबरोबर गेलो. बागेत कोरड्या कारंज्याभोवती पंधरा-वीस वृद्ध गोल करून उभे होते. सगळे ट्रॅकसूट, कानटोप्या, शाली घालून, हात मागे बांधून, अत्यंत गंभीर. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की कारंजं वारलं आहे.

प्रकरण असं होतं. मंडळाच्या संस्थापकांनी एकच नियम केला होता. अध्यक्ष आधी हसेल, मग बाकीचे. अध्यक्षाला दुसरं काही काम नव्हतं. अध्यक्ष असलेले ते संस्थापक मुलाकडे बंगलोरला कायमचे गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे निवृत्त मुख्याध्यापिका अंतूरकर बाई आणि सराफकट्ट्यावरचे कुलथे काका दोघेही एकदमच हसले. कोण आधी हसलं ह्यावर वाद झाला. बाई म्हणाल्या काकांचा तो खोकला होता. काका म्हणाले बाईंचं ते हसणं नव्हतं, रागावणं होतं. त्या दिवसापासून दोघे एकमेकांच्या ओठांवर नजर ठेवून उभे राहत, आणि बाकीच्यांनाही हसायची सोय राहिली नाही. चुकून कुणी हसला असता तर तो अध्यक्षपदावर डोळा ठेवून आहे असा अर्थ झाला असता. दातेंना एकदा जांभई आली तर त्यांनी आधी सगळ्यांना कल्पना दिली.

"हा माझा भाचा, दिगंबर," मावशी म्हणाली. "तो होईल म्हणतोय अध्यक्ष."

अंतूरकर बाईंनी मला पायापासून वर पाहिलं. "वय?"

"तेवीस."

"हे ज्येष्ठांचं मंडळ आहे."

"मी लवकरच मोठा होईन," मी म्हणालो.

कुलथे काकांनी मान तिरकी करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, गहाण आलेल्या अंगठीकडे बघावं तसं. "हसण्याचा काही अनुभव?"

"नाही."

"मोठ्याने कधी हसलायस?"

"आठवत नाही."

"घराण्यात कुणी?"

"वडील एकदा हसले होते, पण नंतर कळलं की पाय मुरगळला होता."

काका बाईंकडे वळले. महिन्याभरात पहिल्यांदा ते बाईंशी थेट बोलले. "ह्याला घ्यायला हरकत नाही बाई. हा माझ्याही बाजूचा नाही, तुमच्याही नाही. हा हसण्याच्याच बाजूचा नाही."

बाईंनी विचार केला. "तात्पुरता," त्या म्हणाल्या.

"तात्पुरताच हवाय मला," मी म्हणालो. "शनिवारपर्यंत."

हे कुणी नीट ऐकलं नाही. मी अध्यक्ष झालो.

"करा सुरुवात," कुलथे काका म्हणाले.

मी कारंज्याच्या कट्ट्यावर चढलो. सगळे माझ्याकडे बघत होते. मला तोपर्यंत असं वाटत होतं की हसणं म्हणजे शिंकेसारखं असतं, जागेवर उभं राहिलं की येतं. आलं नाही. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, "हा."

शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतात तसं ते निघालं. सगळे थांबले, पुढे काही येईल म्हणून.

"हा," मी पुन्हा म्हणालो. मग जरा बदल म्हणून, "हो."

दातेंच्या नाकातून काहीतरी आवाज आला. त्यांनी कानटोपी तोंडावर ओढली. शेजारच्या बाईंचे खांदे हलायला लागले. मी चेहरा गंभीर ठेवला, म्हणजे ठेवला काय, होताच. "ही," मी म्हणालो. त्याबरोबर कुलथे काका वाकले आणि गुडघ्यावर हात मारून हसायला लागले. अंतूरकर बाईंनी त्यांच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला, तो फसला. मग सगळा गोल फुटला. महिन्याभराचं साठलेलं हसणं होतं ते. बागेचा पहारेकरी नळ सोडून पळत आला.

मावशी हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला होता आणि ती कारंज्याकडे बघत होती. पण घरी परतताना, शाळेच्या कोपऱ्यावर, ती म्हणाली, "तुला तोंडली चालतात ना? का गवार करू?"

मी मोजायला जात नाही, पण बागेतली सोडली तरी ती त्या दिवसातली दोन वाक्यं झाली आणि अजून कुकर लावायचा होता.

*

गुरुवारी गोल वाढला. शुक्रवारी दोन गोल झाले, एकात एक, कारण काहींनी आपापले शेजारी आणले होते. मी कट्ट्यावर चढून "हा" म्हणायचो आणि उतरायचो. अंतूरकर बाईंनी मला सुचवलं की थोडं बसून "हा" म्हटलं तर गुडघे दुखणाऱ्यांनाही सहभागी होता येईल. कुलथे काकांनी पाठिंबा दिला. मावशी गवार निवडताना सांगायला लागली की दातेंनी परवा हसण्यापूर्वी कवळी काढून रुमालात ठेवली, आणि मग जाताना चुकून तो रुमाल जोशींना दिला.

शुक्रवारी हसून झाल्यावर मी घसा साफ केला.

"मी अध्यक्षपदावरून पायउतार होतोय."

सगळे हसले. दोन्ही गोल.

"खरंच सांगतोय."

आणखी हसले. हा माझ्या चेहऱ्याचा तोटा आहे. मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुलथे काकांचं हसू थांबलं. ते बाईंकडे गेले. दोघे बोलले. मग बाई पुढे आल्या.

"मंजूर नाही," त्या म्हणाल्या.

"थांब रे," काका म्हणाले. "कुठे चाललास? थांब."

"थांब, थांब," दाते म्हणाले, कवळी शोधत.

मला सरांची व्याख्या आठवली. लोक 'थांबा, थांबा' म्हणत असताना जो उतरतो. म्हणजे आता फक्त उतरायचं बाकी होतं. मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी गिरणीच्या माळ्यावर या सगळे. सरांची ओळख करून देतो. चहा आहे."

चहाचं नाव काढल्यावर कुणी कारण विचारलं नाही. फक्त मावशीने विचारलं, घरी आल्यावर, भांडी लावताना. "तू उतरलास की रविवारी पहिलं कोण हसणार?"

"होईल काहीतरी."

"हं," मावशी म्हणाली.

रात्री ती म्हणाली, "कडी लाव." बाकी काही नाही.

*

शनिवारी माळ्याच्या जिन्यावरून वृद्धांची रांग चढत होती तेव्हा खाली गव्हाचं दळण सुरू होतं. आमचे बाक थरथरत होते, चहाचे कप बशीत वाजत होते. कुलथे काकांनी बाकावर बोट फिरवून पिठाकडे पाहिलं आणि बोट कोटाला पुसलं. मावशी सगळ्यात शेवटी आली आणि खिडकीशी बसली.

माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो आणि ओरडलो, कारण गिरणी.

"आय वॉज द प्रेसिडेंट ऑफ निर्मळ हास्य मंडळ. पीपल सेड, स्टे, स्टे. आय हॅव स्टेप्ड डाउन. दीज आर माय विटनेसेस."

सर खूश झाले. त्यांच्या कारकिर्दीत एका वेळी एवढे साक्षीदार कुणी आणले नव्हते. ते मंडळाकडे वळून मराठीत ओरडले, "हा पदावरून उतरला का?"

"नाही," कुलथे काका ओरडले.

"आम्ही मंजुरी दिलेली नाही," अंतूरकर बाईंनी खुलासा केला. त्यांना ओरडावं लागलं नाही, त्यांचा आवाज शाळेचा होता.

"मंजुरी लागत नाही बाई. स्वतःहून उतरणं म्हणजे स्वतःहून."

"ठीक. मग उद्या पहाटे पहिलं कोण हसणार, ते तुमचं इंग्रजी सांगतं का?"

सरांनी पंख्याकडे पाहिलं. "हा प्रश्न माझ्या विषयात येत नाही."

"मी हसेन," कुलथे काका म्हणाले.

"तुम्ही खोकाल," बाई म्हणाल्या.

त्यांच्यात पुन्हा महिनाभरापूर्वीचं सुरू झालं. दोघांनी एकमेकांच्या ओठांवर नजर लावली. त्यांच्या मागे बसलेल्या दातेंचा चेहरा हळूहळू बंद होत गेला, दुकानाची फळी एकेक लावावी तसा. मग त्यांच्या शेजारच्यांचा. माळ्यावर कारंज्याभोवतीची ती पहाट परत भरली.

"दिगंबर," सर ओरडले, "निर्णय तुझा. उतरलास तर मी आत्ता सही करतो. नाही तर तुझं क्रियापद झालं नाही."

प्रमाणपत्र टेबलावर होतं. त्यावर माझं नाव लिहून झालं होतं, सहीची जागा फक्त पांढरी. पुण्याची एसटी मी मनात पकडलीसुद्धा होती.

मी खिडकीकडे पाहिलं. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती पदराच्या टोकाने खिडकीच्या गजावरचं पीठ पुसत होती. एक गज पुसून झाला की दुसरा. आमच्या स्वयंपाकघरातही ती अशीच पुसत बसायची, मंडळात जायच्या आधी, तासन् तास, स्वच्छ असलेली फडताळं.

मी पुण्याला गेलो की कडी लाव हे सांगायलाही तिला कुणी नव्हतं.

"सर, राहू दे," मी म्हणालो. "आय ॲम नॉट स्टेपिंग डाउन."

सरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी प्रमाणपत्र उचललं, ते उभे राहिले, आणि अशा वेळी त्यांच्या जिभेला जी सवय होती तीच तिने केली. त्यांनी एक हात कानावर ठेवला, छाती फुगवली, आणि पूर्ण जंक्शनच्या आवाजात सुरू केलं,

"युवर अटेन्शन प्लीज."

नेमका त्याच वेळी खाली गिरणीचा पट्टा निसटला. दळण थांबलं. बाक थरथरायचे थांबले. सगळ्या निंबगावात शांतता पसरली आणि त्या शांततेत सर, गिरणीवर मात करण्याच्या बेताने, जिवाच्या आकांताने ओरडत होते,

"निंबगावहून पुण्याला जाणारे दिगंबर सोनटक्के रद्द करण्यात आले आहेत. द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड."

मी चेहरा न बदलता उभा होतो, रद्द झालेला.

आणि खिडकीपाशी कुणीतरी हसलं.

पहिल्यांदा मला तो आवाज ओळखूच आला नाही. खोलवर, जाड, घागर उपडी केल्यासारखा. मावशीने पदर तोंडाला लावायचा प्रयत्न केला, पण पदर पिठाने भरलेला, तिचं नाक पांढरं झालं, आणि ते बघून तिच्या समोरचा शकील हसला, आणि शकील हसला म्हणून गजानन. मग मावशीने पदर सोडूनच दिला. ती खिडकीचा गज धरून हसत होती. "रद्द केलं ह्याला," ती म्हणत होती, "उभ्याचा उभा रद्द." मग दाते, मग जोशी, मग सगळं मंडळ, सगळा वर्ग. गिरणीवाला जिन्यातून डोकं वर काढून, पट्टा निसटलेलं तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारत होता.

दोनच माणसं हसत नव्हती. मी, आणि अंतूरकर बाई. बाई बोट वर करून उभ्या होत्या.

"प्रमिलाताई आधी हसल्या," त्या म्हणाल्या.

हसणं पायरी पायरीने उतरलं. नियम सगळ्यांना ठाऊक होता. सगळ्यांनी कुलथे काकांकडे पाहिलं. काकांनी डोळे पुसले, चष्मा लावला, मावशीकडे नीट पाहिलं.

"खरं होतं," ते म्हणाले. "खोट नाही त्यात. शंभर नंबरी."

"म्हणजे अध्यक्ष ह्या," बाई म्हणाल्या.

"ह्या," काका म्हणाले. त्यांच्यात त्या आठवड्यातलं हे चौथं एकमत होतं आणि ते दोघांनाही जड गेलेलं दिसलं.

सरांनी पेन उघडलं. "म्हणजे हा उतरला."

"उतरला," मंडळ म्हणालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून, जिच्याकडे समेटाची चिठ्ठी गेली होती, ती रेश्मा उभी राहिली. "ऑब्जेक्शन सर. हा स्वतःहून उतरला नाही. ह्याच्या जागी दुसरं कुणीतरी बसलं. ते स्टेप डाउन होत नाही. तुम्हीच सांगितलंत."

सरांनी पेन बंद केलं. पंख्याकडे पाहिलं. रेश्माचं बरोबर होतं, म्हणूनच ती कुणाला आवडत नसे.

मी मावशीकडे गेलो. तिच्या नाकावर पीठ होतं.

"तुला चालेल का?" मी विचारलं. "रोज पहाटे? आधी तुलाच हसावं लागेल."

"तुझा चेहरा आठवेन," मावशी म्हणाली. "उतर आता. जा पुण्याला."

मी वर्गाकडे वळलो. खाली गिरणी बंद होती, म्हणून ओरडावं लागलं नाही.

"आय ॲम स्टेपिंग डाउन," मी म्हणालो.

"थांब, थांब," मागून दाते म्हणाले, नुसतं सवयीने. रेश्मा खाली बसली. सरांनी सही केली.

*

पुण्यात मी अजून त्याच हॉटेलात आहे. लिफ्ट बंद असल्याचं पाहुण्यांना सांगायचं काम मालक मलाच देतात. मी सांगितलं की कुणी भांडत नाही, काहीतरी गंभीर झालंय असं समजून जिन्याने जातात.

मावशी रोज रात्री फोन करायची. कडी लाव म्हणायला करायची, आणि मग पुढचा तासभर मंडळ. मागच्या वर्षी तिचा सकाळीच फोन आला.

"दिगू, रविवारी ये."

"काय झालं?"

"गुडघ्यांनी कट्टा चढवत नाही आता. मला उतरायचंय. साक्षीदार लागतो ना?"

मी गेलो. कारंज्याभोवती आता चार गोल होते. कुलथे काका काठी टेकून उभे होते. अंतूरकर बाईंना खुर्ची दिली होती, तिच्यावर त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत बसाव्यात तशा बसल्या होत्या. बाकावर बोधनकर सरही होते. आवाज गेला होता त्यांचा, कुजबुजल्यासारखे बोलत. मावशीला त्यांनी एक वाक्य महिनाभर शिकवलं होतं म्हणे, पण काय ते कुणाला सांगितलं नव्हतं.

दाते आणि जोशींनी मावशीला दोन्ही बाजूंनी धरून कट्ट्यावर चढवलं. सगळे शांत झाले. मला वाटलं, आता पुन्हा तेच. आता कोण आधी. पण मला बाजूला उभं राहून फक्त 'हो, हिने केलं' एवढं म्हणायचं होतं, म्हणून मी निश्चिंत होतो.

मावशीने पदर खोचला. एक हात कानावर ठेवला. छाती भरून घेतली.

"युवर अटेन्शन प्लीज," मावशी म्हणाली, जंक्शनच्या आवाजात, नऊवारीत. "प्रमिला स्टेपिंग डाउन. द इन्कन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड."

आणि मग, घोषणेनंतर वाजते तसं, ती स्वतःच म्हणाली, "टिंग टाँग."

काय झालं मला कळलं नाही. पोटाकडून काहीतरी वर आलं. मला वाटलं उचकी. मी तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मला खाली बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. वडिलांचा पाय खरंच मुरगळला होता का, हे विचारायला ते आता नव्हते.

मी मान वर केली तेव्हा चारही गोल गप्प होते. अंतूरकर बाईंचं बोट वर होतं. कुलथे काकांनी काठी उचलून माझ्याकडे रोखली.

"आधी हा हसला," ते म्हणाले.

मावशी कट्ट्यावरून माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा अगदी माझ्यासारखा होता, जराही हललेला नाही.

त्यामुळे हल्ली दर रविवारी मी पहाटेच्या एसटीने निंबगावला जातो, कट्ट्यावर चढतो आणि हसतो. बाकीच्या दिवशी मंडळ माझा फोटो वापरतं. उतरायचा विचार माझ्या मनात आहे. तसं मी दोनदा बोलूनही दाखवलं. पण अजून कुणीच 'थांबा' म्हणत नाही.